इन्सब्रुकहून हालला जावं का? जावं, आणि अख्खा दिवस द्यावा

प्रश्न थोडक्यात असा होता: सत्तरीचे आई-बाबा, नवरा-बायको आणि दहा वर्षांची मुलगी, ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातल्या इन्सब्रुकमध्ये तीन रात्री. एक दिवस मोकळा आहे. कोणी म्हणतं हालश्टाटला जा, कोणी म्हणतं जवळच हाल इन टिरोल नावाचं जुनं गाव आहे, पण ते तासाभरात 'होतं'. बाबांचे गुडघे दुखतात, आई पूर्ण शाकाहारी. काय करावं?

मी गेली सतरा वर्षं पुण्याहून आठ-दहा जणांचे ग्रुप घेऊन आल्प्समध्ये जाते, त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी हालश्टाटचं निकालात काढू. इन्सब्रुकहून तिथे जायला एका बाजूनेच साडेतीन-चार तास लागतात. म्हणजे आई-बाबांचा दिवस गाडीत जाणार आणि तळ्याकाठी दोन तास गर्दीत. साल्झबर्गला मुक्काम असता तर गोष्ट वेगळी होती. हाल मात्र इन्सब्रुकच्या मुख्य स्टेशनवरून लोकल गाडीने आठ-दहा मिनिटांवर आहे. जेमतेम चौदा हजार वस्तीचं गाव, पण टिरोलमधला सगळ्यात मोठा जपलेला जुना गावठाण इथलाच. इन्सब्रुकच्याही जुन्या भागापेक्षा मोठा, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं.

आता 'तासाभरात होतं' याबद्दल. ही चूक मी स्वतः केलेली आहे. पहिल्या वर्षी ग्रुपला वरच्या चौकात उतरवलं, चर्च दाखवलं, कॉफी पाजली, फोटो काढले आणि पुढे निघालो. संध्याकाळी एका काकूंनी विचारलं, "ते गाव सुंदर होतं गं, पण एवढी श्रीमंती तिथे आली कुठून?" माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. त्या रात्री मी वाचायला बसले, आणि पुढच्या वर्षीपासून हालला मी खालून वर नेते, नदीपासून चौकापर्यंत. त्या काकूंचा प्रश्नच या गावाची किल्ली आहे.

उत्तर दोन शब्दांत: मीठ आणि चांदी. आल्प्समध्ये नावात 'हाल' दिसलं की मीठ समजावं. हालश्टाट, हालाइन, राइशनहाल ही सगळी मिठाचीच गावं. (उच्चार 'हाल' असाच आहे. स्टेशनवर 'हॉल' म्हणालात तर समोरचा क्षणभर गोंधळतो.) आपल्याला मीठ म्हटलं की मिठागर आठवतं: समुद्राचं पाणी आत घ्यायचं, बाकीचं काम उन्हाने करायचं. इथे समुद्र नाही आणि तसं ऊनही नाही. गावाच्या उत्तरेला हालटाल नावाची उभ्या कड्यांची दरी आहे. तिथल्या डोंगरात मीठ आहे, पण सैंधवाच्या स्वच्छ खड्यांसारखं नाही. चिकणमातीच्या खडकात मिसळलेलं. ते फोडून काढून उपयोग नाही. म्हणून तेराव्या शतकापासून लोकांनी युक्ती केली: डोंगरात पोकळ्या खणायच्या, त्यांत गोडं पाणी सोडायचं, ते पाणी भिंतींतलं मीठ विरघळवून घेईपर्यंत थांबायचं, आणि मग ते खारं पाणी लाकडी नळांतून उतारावरून गावात आणायचं. गावात प्रचंड लोखंडी कढयांखाली जाळ घालून ते आटवायचं.

त्या जाळासाठी लाकूड किती लागत असेल याचा विचार करा. जवळची जंगलं पुरणारच नव्हती. वरच्या खोऱ्यातले ओंडके इन नदीत सोडून द्यायचे आणि हालजवळ नदीत आडवा लाकडी अडसर घालून ते अडवायचे. शिवाय नदीतली मालवाहू नावांची वाहतूकही हालपर्यंतच. खालून येणारी नाव घोड्यांनी काठावरून ओढत इथवर आणायचे आणि इथून पुढे माल गाड्यांवर चढायचा. म्हणजे मीठ डोंगरातून खाली, लाकूड नदीतून खाली, धान्य नावेतून वर, आणि तिन्हींची गाठ एकाच ठिकाणी. 1303 मध्ये या वस्तीला नगराचा दर्जा मिळाला. नगराच्या चिन्हावर आजही मिठाचं पिंप आहे, दोन्ही बाजूंनी सिंहांनी धरलेलं. मुलीला ते शोधायला सांगा. दारांवर, फलकांवर, कुठेकुठे सापडतं. मिठाची खाण 1967 मध्ये बंद झाली, म्हणजे आई-बाबांच्या लहानपणी ती चालू होती. हे त्यांना जरूर सांगा. 'मध्ययुगीन' म्हटलं की सगळं फार दूरचं वाटतं, पण हे काम सातशे वर्षं चालून कालपरवा थांबलं आहे.

तर स्टेशनवर उतरा आणि चौकाकडे जायची घाई न करता खालच्या अंगाच्या हासेग किल्ल्याकडे चालत जा. दहा-पंधरा मिनिटांचा सपाट रस्ता आहे. मिठाचं काम, नदीवरचा पूल आणि नावा यांच्यावर लक्ष ठेवायला हा किल्ला बांधला. 1494 च्या मार्चमध्ये पुढे सम्राट झालेला मॅक्सिमिलियन आणि मिलानची बियांका मारिया स्फोर्झा यांच्या लग्नाचा सोहळा हालमध्ये झाला, तेव्हा याच किल्ल्यात त्यांचा मुक्काम होता. पण तुम्ही इथे यायचं ते टाकसाळीसाठी.

टाकसाळ हा या गावाचा दुसरा पाय. टिरोलचा राज्यकर्ता आर्चड्यूक सिगिसमुंड याने 1477 मध्ये आपली टाकसाळ मेरानहून हालला आणली. कारण सरळ होतं: पूर्वेला जवळच श्वात्स इथे चांदीच्या खाणी भरभरून वाहत होत्या, आणि हाल तटबंदीचं, पैशाचं, नदीवरचं गाव. युरोपात तेव्हा मोठ्या व्यवहाराला सोन्याचं नाणं लागायचं आणि सोनं दुर्मीळ झालं होतं. मग 1486 मध्ये हालने सुमारे 32 ग्रॅम वजनाचं चांदीचं मोठं नाणं पाडलं, ज्याची किंमत गुल्डन या एका सोन्याच्या नाण्याइतकी, म्हणजे 60 क्रॉयत्सर (तेव्हाची छोटी नाणी). एका बाजूला उभा सिगिसमुंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा सरदार आणि भोवती त्याच्या प्रांतांच्या ढालींची माळ. ही कल्पना इतरांनी उचलली. बोहेमियातल्या योआखिम्सटाल या गावी अशीच नाणी मोठ्या संख्येने पडू लागली, गावाच्या नावावरून त्यांना 'टालर' म्हणू लागले, आणि त्या टालरचाच पुढे 'डॉलर' झाला. खिशातल्या डॉलरचा आजोबा हालमध्ये जन्मला, असं मी ग्रुपला सांगते, तेव्हा मोबाइल खाली येतात.

1567 मध्ये टाकसाळ या किल्ल्यात हलली आणि इथे एक यंत्र बसलं. संग्रहालयात त्याची पूर्ण आकाराची, चालणारी प्रतिकृती आहे. मी दरवेळी तिच्यासमोर लोकांना थांबवते, कारण नीट पाहिली नाही तर ती नुसती मोठी लाकडी चाकं वाटतात. त्याआधी नाणं म्हणजे एकेक चकती, वर ठसा आणि हातोड्याचा घाव. इथे पाणचक्कीच्या जोरावर दोन पोलादी रूळ एकमेकांवर फिरतात, उसाच्या चरकासारखे. एका रुळाच्या अंगावर नाण्याच्या एका बाजूचे ठसे ओळीने कोरलेले, दुसऱ्यावर दुसऱ्या बाजूचे. मधून चांदीची पट्टी घालायची. ती पलीकडून बाहेर येते तेव्हा तिच्यावर दोन्ही बाजूंनी नाणी उमटलेली असतात. मग ती कापून काढायची. आता बारकाई पाहा. रुळातून आलेली पट्टी लांबीत ताणली जाते, म्हणून गोल नाणं हवं असेल तर रुळावरचा ठसा मुद्दाम किंचित लंबगोल कोरावा लागायचा. आणि या पद्धतीचं जुनं नाणं बोटांत धरलं तर ते जरासं वाकलेलं लागतं, रुळाची आठवण ठेवून असल्यासारखं. ही यंत्रं इतकी गाजली, की स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याच्यासाठी हालचं यंत्र आणि कारागीर सेगोव्हियाला पाठवले गेले.

तुमच्या मुलीला इथे स्वतःच्या हाताने नाणं पाडून घेता येईल. तेवढ्यासाठी थोडे पैसे पडतात, ते द्या. माझ्या ग्रुपमधल्या एका शाळकरी मुलाने ते नाणं तीन वर्षं कंपासपेटीत ठेवलं होतं, असं त्याची आई सांगत होती.

आणि मुंबईचा एक धागा इथे आहे, तो बाबांना आवडेल. सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या नावाने हालमध्येही नाणी पडली. तिचा 1780 साल कोरलेला टालर पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानात इतका विश्वासाचा ठरला, की ती गेल्यावरही तेच साल घालून तो पुढची दीडशेहून अधिक वर्षं वेगवेगळ्या टाकसाळींत पडत राहिला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना तिकडच्या मोहिमेसाठी तो हवा होता, आणि 1940-41 मध्ये तो आपल्या मुंबईच्या टाकसाळीत पाडला गेला. फोर्टमधली ती इमारत बाबांनी बाहेरून नक्की पाहिली असेल.

किल्ल्याला लागून टाकसाळीचा बुरूज आहे, तोच गावाची ओळख. वरून नदी, छपरं आणि मागे बेटेलवुर्फ डोंगराचा करडा कडा एका नजरेत येतात. पण बाबांनी चढू नये. गोल जिना आहे आणि मध्येच परत फिरणं अवघड जातं. ते आणि आई अंगणात बसतील, तुम्ही मुलीला घेऊन वर जा. इथे मन कठोर करा. 'आलोच आहोत तर' म्हणून चढलेल्या दोघा-तिघांचे पुढचे दोन दिवस हॉटेलात गेलेले मी पाहिले आहेत.

इथून वरच्या गावात जाताना चढ लागतो, आणि दगडी फरसबंदी. पावसात ती निसरडी होते. नव्या कडक बुटांपेक्षा जुने, मऊ रबरी तळव्याचे बूट बरे. आई साडी नेसणार असतील तर ती घोट्याच्या वर नेसायला सांगा. घाई न करता, 'लांगर ग्राबेन' या रुंद रस्त्याने जा. पूर्वी खाली कामगार राहत, वर व्यापारी आणि अधिकारी. चढताना घरांकडे पाहा. रस्त्यावरून बऱ्याच घरांना छप्परच दिसत नाही, भिंत सरळ वर जाऊन कापल्यासारखी संपते. छप्पर त्या भिंतीमागे आतल्या बाजूला उतरलेलं असतं, म्हणजे एका घराला लागलेली आग शेजारी सहज उडी मारत नाही. भट्ट्यांच्या गावात आगीची धास्ती किती असेल ते या भिंती सांगतात. काही भिंती तळाशी जाड होत रस्त्यावर उतरल्या आहेत, पाय रोवून उभं राहिल्यासारख्या.

वरचा चौक उघडा होतो तो एकदम. इथे पहिल्यांदा बसा. नगरभवनाचा जुना भाग पूर्वी राजवाडा होता, 1406 मध्ये तो नगराला मिळाला. नगरसभेचं जुनं दालन उघडं असेल तर त्याचं पंधराव्या शतकातलं लाकडी छत पाहून घ्या.

सेंट निकोलसच्या चर्चमध्ये शिरलात की मधल्या वाटेवर सरळ उभे राहा आणि वेदीकडे पाहा. काहीतरी तिरकं वाटेल. तुमची नजर बरोबर आहे, चर्च खरोखरच वाकडं आहे. पंधराव्या शतकात गाव वाढलं, चर्च अपुरं पडलं, पण उतारामुळे ते एकाच बाजूला वाढवता आलं. म्हणून वेदी आणि सभागृह एका रेषेत नाहीत. सुबत्ता कशी घाईने आली हे मला त्या वाकड्या रेषेत जितकं दिसतं, तितकं कुठल्या फलकावर नाही. मनोऱ्याचं जुनं टोक 1670 च्या भूकंपात कोसळलं. आत्ताचं गोलसर टोक त्यानंतरचं.

डाव्या बाजूला वाल्डाउफ चॅपेल आहे. फ्लोरियान वाल्डाउफ हा मॅक्सिमिलियनचा विश्वासू माणूस. 1489 मध्ये नेदरलँड्सजवळच्या समुद्रात वादळात सापडला असताना त्याने नवस बोलला, आणि वाचल्यावर संतांचे अवशेष जमवत गेला. 1501 मध्ये ते मिरवणुकीने हालला आले. आत जाळीपलीकडे कवट्या रांगेने मांडलेल्या आहेत, प्रत्येकीवर भरतकाम केलेली टोपी, मोत्या-मण्यांची किनार, खाली नावाची पट्टी. मुलीला आधी सांगून ठेवा की आत काय आहे आणि लोक ते श्रद्धेने का जपतात. न सांगता नेलं तर ती घाबरेल किंवा हसेल. सांगून नेलं तर टोप्यांवरचं भरतकाम निरखत बसेल. प्रार्थना चालू असेल तेव्हा आत फिरू नका.

आता आईंच्या जेवणाचं, कारण यात सगळ्यात जास्त घोळ होतात. टिरोलमध्ये शाकाहारी पदार्थ खूप आहेत, पण नावावर जाऊ नका. 'कासप्रेसक्न्योडल' हा चीजचा चपटा तळलेला गोळा शाकाहारी वाटतो, पण बहुतेक वेळा तो गोमांसाच्या पाण्यात, सूप म्हणून येतो. तोच सॅलडबरोबर मागता येतो. 'ग्र्योश्टल' म्हणजे परतलेले बटाटे, पण त्यात मांस असतं. 'श्पेक' हे डुकराचं धुरावलेलं मांस. काही ठिकाणी ते मांसात मोजतच नाहीत, चवीपुरतं घालतात. म्हणून नुसतं 'शाकाहारी आहे' एवढं सांगून थांबू नका. "ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने रिंडसुपे" असं तिन्ही म्हणा: मांस नको, श्पेक नको, गोमांसाचं पाणी नको. आईंसाठी 'श्लुत्सक्राफ्न' मागवा, पालक-बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, वरून तूपकट लोणी. 'कासश्पात्सलन' म्हणजे चीजमधल्या मऊ शेवया. दोन्हींच्या पिठात अंडं असतं, हे आधी सांगते. अंडंही चालत नसेल तर बाजारातली फळं, ब्रेड, चीज आणि तुमची दशमी-चटणी हाच खरा आधार. गोडात 'किआखल': मध्ये खोलगट, कडेने फुगलेला तळलेला पिठाचा गोळा, खोलग्यात लालचुटूक आंबटगोड बेरीचा मुरंबा. तो उभ्यानेच, गरम खायचा.

दिवस निवडता येत असेल तर शनिवार निवडा. सकाळी वरच्या चौकात शेतकऱ्यांचा बाजार भरतो: चीज, मध, ब्रेड, भाज्या. तिथे कोपराने लोटालोटी चालत नाही, माल हाताळत नाहीत. बोट दाखवून मागायचं. दुकानात शिरताना "ग्रूस गॉट" (इथला नमस्कार) म्हणा. या दोन शब्दांनी चेहरे किती बदलतात हे मी सतरा वर्षं पाहते आहे. रविवारी दुकानं बंद असतात, टाकसाळीचे दिवस-वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे आदल्या दिवशी एकदा पाहून घ्या.

तुम्ही महिना लिहिलेला नाही, म्हणून परंपरांचंही सांगते. डिसेंबरात गेलात तर चौकातल्या घरांच्या भिंतींवर नाताळाच्या दिवसगणतीचे मोठाले आकडे प्रकाशाने उमटवलेले असतात. साडेचारला अंधार पडतो, तेव्हा टाकसाळ आधी उरका. नाताळनंतर शेजारच्या टाउअर गावात लोक घराघरांत येशूजन्माचे देखावे पाहायला जातात. काही देखावे पिढ्यान्पिढ्या वाढवत नेलेले, मागे पॅलेस्टाइनऐवजी चक्क टिरोलचे डोंगर. देखाव्याची मनापासून तारीफ केली की यजमान श्नाप्सचा, म्हणजे कडक दारूचा, छोटा पेला पुढे करतो. पीत नसाल तर हात छातीशी नेऊन नम्रपणे नाही म्हणा, कोणी वाईट मानत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा काळ सहा जानेवारीपासून ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरपूर्वीच्या उपवासपर्वाआधीच्या मंगळवारपर्यंतचा. म्युलाऊ, आर्झल, रूम, टाउअर, आब्साम या पाच गावांत तेव्हा मुखवट्यांची माणसं निघतात. यांना मुलर किंवा माचगेरर म्हणतात, आणि ही प्रथा 2011 मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. कोरीव लाकडी मुखवटे. एकाच्या अंगभर झालरी, एकाच्या अंगावर गोंडे, एकाच्या अंगावर लाकडाच्या चिपांचा खडखडाट, आणि एकाच्या डोक्यावर आरसा बसवलेला उंच मुकुट. नाचत नाचत ते प्रेक्षकांतल्या एखाद्यासमोर थांबतात आणि खांद्यावर जोरात थाप मारतात. ती थाप म्हणजे मान आणि आशीर्वाद. मागे सरकू नका, चिडू नका. बाबांच्या खांद्याला त्रास असेल तर त्यांना दुसऱ्या रांगेत उभं करा. मुखवट्याला हात लावायचा नाही, आणि त्यामागे कोण आहे हे विचारायचं नाही.

दुपारी वेळ उरला तर आब्सामला बसने जा, पाच-दहा मिनिटांवर आहे. याकोब श्टाइनर हा सतराव्या शतकातला व्हायोलिन बनवणारा तिथला. सुमारे 1800 पर्यंत त्याच्या व्हायोलिनना स्ट्राडिव्हारीपेक्षा जास्त मान होता. मुलगी काही वाद्य शिकत असेल तर नक्की न्या. हालटाल दरीत मात्र या खेपेला जाऊ नका, ती चढाची आहे.

शेवटची गोष्ट तिकिटांची. इन्सब्रुक कार्ड (पर्यटकांचा पास) घेणार असाल तर त्यात हालची टाकसाळ येते का हे घेतानाच विचारा. सकाळी साडेनऊपर्यंत स्टेशनवर उतरा, टाकसाळ, मग चढ, मग चौकात जेवण, मग चर्च. आणि परतताना चढावरून खाली न येता वरच्या गावातूनच बस पकडा, म्हणजे बाबांना उतार लागणार नाही. महिना कळवलात तर त्या दिवसांत पाच गावांपैकी कुठे काय आहे ते पाहून सांगेन.